फोन उचलला गेला नाही तर: विक्रीच्या व्हॉइस नोटची तयारी

पुण्यात विक्रीचा फोन उचलला गेला नाही तर व्हॉइसमेलची, म्हणजे निरोप रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या सोयीची, बीप क्वचितच ऐकू येते. निरोप जातो तो व्हॉट्सॲपवर, व्हॉइस नोट म्हणून. रिंग वाजून थांबल्यावर घाईत काही सुचत नाही, म्हणून ही तयारी नंबर लावण्याआधीच करून ठेवायची.

पहिल्यांदा नंबर कुठून आला ते तपासा. समोरच्याने चौकशी केली असेल, कार्ड दिलं असेल किंवा त्याच्या ओळखीच्या माणसाने विचारून दिला असेल, तरच नोट पाठवा. विकत घेतलेल्या याद्यांना हातही लावू नका. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नोंदणीकृत क्रमांकांवरूनच करायचे असतात. साध्या मोबाइलवरून केले तर १९०९ वर तक्रार होते आणि नंबर बंद होऊ शकतो.

मग दिवस बघा. भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी पाठवलेली नोट शुक्रवार सकाळच्या कामात बुडते. पेठांमधल्या दुकानदाराला दुपारी एक ते चार त्रास देऊ नका. महिनाअखेरचे दोन दिवसही टाळलेलेच बरे.

खरी मेहनत मजकुरावर घ्यायची. कागदावर फक्त मुद्दे लिहा. पूर्ण वाक्यं लिहिली की वाचल्यासारखं ऐकू येतं. मर्यादा ३० सेकंदांची ठेवा. सावकाश बोललं तर तेवढ्यात ६०-६५ शब्द बसतात. पाच प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची, खोकी विकणाऱ्याची नोट अशी होईल: "नमस्कार पाटील साहेब," मग स्वतःचं आणि कंपनीचं नाव, आणि पुढे, "पावसाळ्यात थप्पीतलं खालचं खोकं दबून बसतं, असं आपण मागच्या भेटीत म्हणाला होतात. त्यासाठी दोन नमुने तयार केलेत. एका खोक्यात किती किलो माल जातो, तेवढा आकडा टाइप करून पाठवा. शुक्रवारी सकाळी अकराला मी फोन करतो."

यात "मघाशी फोन केला होता" नाही, कारण मिस्ड कॉल त्यांना दिसतोच. "एक छोटं काम होतं" हेही नाही. काम लपवलं की माणूस ऐकायचं पुढे ढकलतो. मागितलेलं उत्तर एका आकड्याचं आहे, मशीनजवळ उभं राहूनही देता येतं. "वेळ मिळाला की फोन करा" म्हटलं की आपलं काम त्यांच्या डोक्यावर जातं आणि बहुतेक वेळा तिथेच राहतं. "उद्या" हा शब्द तर कटाक्षाने गाळा. नोट दुसऱ्या दिवशी ऐकली गेली तर उद्याचा परवा होतो. वार सांगा.

दर आवाजात कधीही सांगू नका. जीएसटी धरून की सोडून, वाहतूक कोणाची, हे सुटतं आणि पुढे वाद होतो. शिवाय नोट एका बोटाने दुसऱ्या पुरवठादाराकडे फॉरवर्ड होते. मापंही लिहूनच द्या. मराठीत सात आणि साठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी गोंगाटात सहज फसवतात. आकडा बोलावाच लागला तर एकेक अंक सुटा बोला: सहा, नऊ.

रेकॉर्डिंगला कंप्रेसरपासून आणि रस्त्यापासून लांब जा. बंद काचांची उभी गाडी उत्तम. माइक फोनच्या खालच्या कडेला असतो, तो तळहाताखाली झाकला जातो. फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा तिरका धरा, म्हणजे "फ" आणि "भ" फुटत नाहीत. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं. अर्धा सेकंद थांबून बोला, नाहीतर "नमस्कार"चा "न" कापला जातो. पाठवण्याआधी एकदा ऐका. बरेच जण दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकतात, म्हणून नाव आणि वार यांच्या आधी किंचित थांबा.

नोटेखाली लगेच एक ओळ टाइप करा: कंपनी, विषय, फोनचा वार-वेळ. महिन्याने कोणी "खोकी" शोधलं तर सापडेल ती ही ओळ. आवाज शोधात येत नाही.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून अमेरिकेला फोन करणाऱ्यांना मात्र खरा व्हॉइसमेल भेटतो. तिथे पाठवलेलं परत घेण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे एकदा मोठ्याने सराव करून मगच नंबर लावा. स्वतःचा नंबर ९१ सकट सुरुवातीला आणि शेवटी, असा दोनदा सांगा. वेळ सांगताना त्यांचीच घड्याळवेळ द्या. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा.

नोट ऐकली गेली की माइकची खूण निळी होते. निळी झाली म्हणून दहाव्या मिनिटाला फोन करू नका. शुक्रवार म्हटलंय तर शुक्रवारीच, अकरालाच करा. तेव्हाही उचलला नाही तर आठवड्याने दुसरी नोट पाठवा, पण नव्या मुद्द्यासह, जसं की नमुन्याच्या चाचणीचा निकाल. तिसरी पाठवू नका. वहीत तारीख आणि काय बोललो ते टिपून पुढचा नंबर घ्या.