केमोच्या काळात जोडीदाराने ठेवायची वही

कर्करोगाचे निदान झाल्यावर घरातला पहिला आठवडा नातेवाइकांचे फोन घेण्यात आणि रिपोर्टांच्या झेरॉक्स काढण्यात जातो. त्याच आठवड्यात जाड पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही विकत आणावी. माझ्या पत्नीवर स्तनाच्या कर्करोगासाठी आधी शस्त्रक्रिया झाली, मग 21 दिवसांच्या अंतराने केमोचे 4 डोस, पुढे दर आठवड्याला एक याप्रमाणे 12 डोस आणि शेवटी रेडिएशनच्या 15 बैठका असे उपचार झाले. या काळात मी तिच्यासाठी नेमके काय केले, असे कोणी विचारले तर मी ती वही पुढे करतो. धीर देणारे लोक पुष्कळ भेटतात, परंतु मागच्या डोसनंतर मळमळ कितव्या दिवशी थांबली, हे डॉक्टरांना सांगू शकणारा माणूस घरात एखादाच असतो.

वहीचे पहिले पान प्रश्नांसाठी ठेवावे. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांची भेट काही मिनिटांचीच असते आणि केबिनबाहेर आल्यावर निम्मे बोलणे डोक्यातून निघून जाते, म्हणून प्रश्न आदल्या रात्री दोघांनी बसून लिहावेत व त्यांतले महत्त्वाचे वर घ्यावेत. केबिनमध्ये मात्र प्रश्न रुग्णाने विचारावेत आणि जोडीदाराने उत्तरे टिपून घ्यावीत. आपल्याकडे डॉक्टर बहुधा नवऱ्याकडे पाहून बोलू लागतात. तसे झाले की आपण वहीत मान घालावी, म्हणजे त्यांना तिच्याकडे पाहावेच लागते. आजाराचे नाव रुग्णापासून लपवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. माझ्या मते ती चुकीची आहे, कारण संमतिपत्रावर सही जिला करायची आहे आणि सुईची वेदना जिला सोसायची आहे, तिलाच आपण अंधारात ठेवतो. मूल हवे असण्याचे वय असेल, तर स्त्रीबीज किंवा शुक्राणू गोठवून जतन करण्याविषयी पहिल्या डोसच्या आधीच विचारावे, पुढे त्याला उशीर होतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असते, पण ते संपूर्णपणे जोडीदाराने अंगावर घ्यावे. बायोप्सीच्या रिपोर्टाबरोबर गाठीच्या नमुन्याच्या काचपट्ट्या (स्लाइड) आणि मेणात बसवलेले तुकडे (ब्लॉक) हेही मागून घ्यावेत, कारण दुसऱ्या रुग्णालयात दाखवायला गेल्यास तेथे ते पुन्हा तपासले जातात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर रेशनकार्ड व ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास, म्हणजे योजनेच्या मदतनिसास, आधीच भेटावे, कारण मंजुरी उपचारापूर्वी मिळवायची असते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरगावाहून येणाऱ्यांनी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे राहण्याची चौकशी करावी. उपचारासाठी रेल्वेने जाताना रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत मिळते. तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती मी स्वतः चुकून शिकलो. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्या दिवसांत आलेला साधा वाटणारा ताप काही तासांत जीवावर बेतू शकतो. दुसऱ्या डोसनंतरच्या दहाव्या रात्री पत्नीचे अंग गरम लागले. थर्मामीटरवर 100.8 दिसत असतानाही मी तिला पॅरासिटामॉलची गोळी दिली आणि सकाळी पाहू म्हणालो. गोळीने ताप उतरला, मी निर्धास्त झोपलो, आणि पहाटे ती थंडीने कुडकुडत उठली. नंतर तिला रुग्णालयात सलाइनमधून प्रतिजैविके घ्यावी लागली. म्हणून ताप 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरला, तर घड्याळात कितीही वाजले असोत, रुग्णालयाच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून निघावे. त्यांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नये, कारण ती ताप झाकते, संसर्ग नव्हे. तो क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि कपडे, फाइल व चार्जर घातलेली एक पिशवी दाराशी तयार ठेवावी. तेथे पोचल्यावर रांगेत बसून राहू नये. ‘केमो चालू आहे आणि ताप आहे’ हे पहिलेच वाक्य असावे.

प्रत्येक डोसआधी औषधांचे अपेक्षित परिणाम विचारून घेतले की नाहक घाबरगुंडी टळते. आमच्या पहिल्या चार डोसांत लाल रंगाचे एक औषध होते. त्या रात्री लघवी लालसर झाली आणि रक्त पडते आहे असे समजून आम्ही दोघेही हादरलो. तो रंग औषधाचाच असतो आणि एकदोन दिवसांत जातो, हे परिचारिकेने फोनवर सांगितले. डोसनंतरचे दोन दिवस रुग्णाची उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत आणि संडासात दोनदा पाणी सोडावे.

स्वयंपाकघराविषयी पुरुषांना अधिक सांगावे लागते. केमोच्या दिवसांत तोंडाला धातूसारखी चव येते, फोडणीचा वास सहन होत नाही, आणि कालपर्यंत आवडणारी भाजी आज ताटात नकोशी होते, याचा राग मानू नये. फोडणी दिली जात असताना रुग्णाने दुसऱ्या खोलीत बसावे. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा द्यावा आणि पदार्थ कोमट किंवा गार वाढावेत. आमच्याकडे मऊ मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, उकडलेले अंडे आणि लिंबाचे सरबत एवढ्यावर कित्येक दिवस निघाले. अन्न ताजे व पूर्ण शिजलेले असावे. चिरून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर आणि गाडीवरची पाणीपुरी या काळात बंद ठेवावी. तोंड आले तर मऊ ब्रश वापरावा आणि मिठाच्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. किती घास गेले हे वहीत लिहावे, पण रुग्णासमोर मोजू नयेत.

पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. सतराव्या दिवशी सकाळी पत्नीच्या उशीवर केसांचा पुंजका दिसला, तिने तो मुठीत धरला आणि दुपारी स्वतःच म्हणाली, “मशिन आणा, आजच काढून टाकू.” आमच्या नेहमीच्या न्हाव्याला घरी बोलावले. मी टॉवेल धरून उभा राहिलो आणि काहीही बोललो नाही, कारण ‘केस काय, पुन्हा येतील’ हे वाक्य तिने तोवर वीसजणांकडून ऐकले होते. पुढच्या साप्ताहिक डोसांत तिची बोटे बधिर होऊ लागली आणि ब्लाउजचे हूक लागेनात. ते मी लावू लागलो, परंतु ही तक्रार वहीत लिहून डॉक्टरांनाही सांगितली, तेव्हा त्यांनी औषधाची मात्रा कमी केली. बधिरता किरकोळ समजून गिळून टाकू नये. ती वाढली तर कायमची राहू शकते.

भेटायला येणाऱ्यांना आवर घालणे हेही जोडीदाराचेच काम. सर्दी-खोकला असलेल्यांना दारातूनच परत पाठवावे, मग ते सख्खे मामा असले तरी. रोजची खबर देण्यासाठी एखाद्या भावाला किंवा नणंदेला नेमावे, म्हणजे तीच कहाणी दहादा सांगावी लागत नाही. प्रत्येकजण एखादा काढा किंवा पाल्याचा रस सुचवतो. त्यांचे ऐकून घ्यावे, नाव वहीत लिहावे, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही देऊ नये, कारण काही वनस्पतींचा यकृतावर ताण येतो व केमोच्या औषधाचा परिणामही बदलू शकतो.

आपल्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या, जेवण आणि झोप यांसाठीही वहीत एक रकाना ठेवावा. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्या कोणाला रुग्णाजवळ बसवून बाहेर पडावे, आणि कोठे जाता हे विचारल्यास निःसंकोच खरे सांगावे. मी स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेत एकटा बसत असे.

रेडिएशन संपले की पाहुणे येईनासे होतात आणि घरच्यांना वाटते की सारे आटोपले. थकवा मात्र कित्येक महिने राहतो, आणि गाठ हॉर्मोनवर वाढणारी असेल तर रोजची एक गोळी निदान 5 वर्षे घ्यायची असते. आमच्याकडे ती रात्रीच्या दुधाबरोबर असते. पट्टीत दहा गोळ्या उरल्या की मी नवी पट्टी आणतो आणि वहीत तारीख घालतो. पुढच्या तपासणीची तारीखही त्याच पानावर लिहिलेली असते, आणि त्या आठवड्यात आम्ही कोणाच्याही लग्नाचे आमंत्रण स्वीकारत नाही.