मोनालिसा बघून झाली की मागे वळा

पॅरिस म्हणजे लूव्र आणि लूव्र म्हणजे मोनालिसा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात ते चित्र जेमतेम 77 बाय 53 सेंटीमीटरचं, काचेआड, आणि पुढे उंचावलेल्या मोबाइलांची भिंत. तिथे दोन मिनिटं पुरे. मग पाठ फिरवा. समोरच्याच भिंतीवर इटालियन चित्रकार वेरोनेझेचं 1563 सालचं, बायबलमधल्या प्रसंगावरचं ‘काना गावातलं लग्न’ हे चित्र आहे, जवळपास दहा मीटर रुंद! अख्खी पंगत बसलीय, मध्ये वादक आहेत. उजवीकडे रांजणाला नखं लावणारं मांजर शोधा. मुलं सोबत असतील तर त्यांनाच शोधायला सांगा. शक्यतो बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी जा, तेव्हा संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं. मंगळवारी बंद. तिकीट आधीच ऑनलाइन काढा.