सहकाऱ्यावर आवाज चढला आणि नोटीस आली, तर

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कारणे दाखवा नोटीस हातात पडली, तर ती नाकारू नका. नाकारल्याने चौकशी थांबत नाही, उलट एकतर्फी होण्याची भीती. तारीख टाकून सही करा; मुदत अपुरी वाटली तर ती संपण्याआधीच लेखी वाढवून मागा. गुजराती मजकूर नीट कळत नसेल तर तेही त्याच अर्जात लिहा. सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज मात्र त्याच दिवशी द्या, जुने चित्रण आपोआप पुसले जाते.

खरी मेख उत्तरात आहे. नुसते "चूक झाली, माफ करा" लिहिले की सगळेच आरोप कबूल केल्यासारखे होते, हात उगारल्याचासुद्धा. म्हणून प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर द्या. शिवी दिली असेल तर मान्य करून खेद व्यक्त करा. धक्का दिला नसेल तर स्पष्ट नाकारा. समोरच्याची उणीदुणी काढू नका. साक्षीदाराला फोन करून समजावणे तर अजिबात नको, त्यातून नवा आरोप उभा राहू शकतो.

चौकशीत उलटतपासणी मागा, प्रत्येक पान वाचूनच सही करा. स्थायी आदेश (कारखान्याचे प्रमाणित सेवानियम) लागू असतील तर चौकशीदरम्यानच्या निलंबनात कामगाराला पहिले 90 दिवस निम्मे वेतन मिळते. चौकशी त्यापुढे लांबली आणि तो विलंब त्याच्यामुळे नसेल तर 75 टक्के.