सोडून दिलेल्या कुत्र्याचा विश्वास कसा कमवायचा

कुत्रं इमानी असतं हे शंभर टक्के खरं, पण लोकांना वाटतं की सकाळी घरी आणलं, पोटभर खायला घातलं की संध्याकाळपर्यंत ते खाल्ल्या मिठाला जागायला लागणार, तसं नसतं हो. एकदा कुणीतरी सोडून दिलेलं कुत्रं आधी तुम्ही टिकताय का ते बघतं.

पहिले तीन-चार दिवस काहीच करू नका. एक शांत कोपरा, पाणी, जेवणाची ठरलेली वेळ, झालं. टेबलाखाली जाऊन बसलं तर बसू दे, ओढून काढू नका. आणि पाहुणे तर अजिबात नकोत, कारण कुत्रं दिसलं की वाकून डोक्यावर हात ठेवल्याशिवाय माणसाला राहवतच नाही, आणि घाबरलेल्या जिवाला वरून येणारा हात म्हणजे फटकाच वाटतो.

तुम्ही जवळ जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. जमिनीवर कडेला तोंड करून बसा, खाऊ बाजूला ठेवा, टक लावून बघू नका, नवख्या कुत्र्याला ती धमकी वाटते. (गंमत बघा, नातं जमलं की हीच नजर औषध होते, २०१५ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की मालक आणि कुत्रं एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे माया जुळवणारं संप्रेरक, वाढतं.) ते सारखं जांभया देतंय, ओठ चाटतंय, मान फिरवतंय तर थांबा, त्याला ताण आलाय. नुसती शेपूट हलली म्हणून खूश समजू नका.

बाकी सगळं वेळ पाळण्यावर आहे. जपानमधल्या हाचिको नावाच्या कुत्र्याचं बघा ना, त्याचे मालक प्रोफेसर उएनो यांचा सहवास त्याला दीड वर्षसुद्धा मिळाला नाही, मे १९२५ मध्ये ते वारले आणि हा १९३५ पर्यंत त्यांच्या यायच्या वेळेला टोकियोच्या शिबुया स्टेशनवर जात राहिला. सगळे त्याच्या इमानाचं कौतुक करतात, मला मात्र वाटतं की त्या थोड्या दिवसांत प्रोफेसर किती नेमाने घरी येत असतील.

आमची कुत्री पहिले अठरा दिवस मी पाठ फिरवल्याशिवाय ताटलीला तोंड लावत नव्हती. मी रोज ताटली ठेवायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि चपचप आवाज ऐकायचे. एकोणिसाव्या दिवशी आवाज थांबला आणि माझ्या पावलावर ओली हनुवटी टेकली, तरी मी अर्धा तास हलले नाही, पाय पार बधिर झाला.