हनोईत रेशीम आणि कलावस्तू घेताय? या चुका टाळा

व्हिएतनामची राजधानी हनोई, तिथल्या जुन्या पेठेत शुक्रवार ते रविवार रात्रीचा बाजार भरतो. तिथे मी एक ‘सिल्क’ स्टोल घेतला. दुकानवाल्या बाईंनी दीड लाख डोंग (तिथलं चलन) सांगितले, मी ८०,००० वर आणले आणि स्वतःवरच खूश होऊन हॉटेलवर परतलो. वहिनीने स्टोलच्या दशीतला एक धागा ओढून त्याला काडी लावली. धागा वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला. “भाऊजी, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, राख चिमटीत भुगा होते. हे पॉलिएस्टर. घासाघीस मात्र छान केलीत!”

भाव पाडण्यात आपण पटाईत असतो. माल बघायचा तेवढा राहून जातो.

पाटी वाचून रेशीम घेणं

रेशमासाठी सगळे हांग गाय रस्त्यावर जातात. ‘हांग’ म्हणजे माल आणि ‘गाय’ म्हणजे दोरखंडाचा ताग. आपल्या गायीशी संबंध नाही. एकेका आळीत एकेक धंदा, पुण्याच्या तांबट आळीसारखा. आता ताग गेला, रेशमाची दुकानं आली. रस्ता महागडा आहे, म्हणून माल खरा असेलच असं नाही. २०१७ साली याच रस्त्यावरच्या एका नावाजलेल्या ब्रँडच्या स्कार्फवर त्यांच्या लेबलशेजारी ‘मेड इन चायना’चंही लेबल निघालं आणि देशभर गाजावाजा झाला. तेव्हा दुकानात ‘लुआ तो ताम’, म्हणजे किड्याच्या कोशाचं रेशीम, असं नाव घेऊन विचारा आणि बिलावर तसं लिहून मागा. कडेचा सुटा धागा जाळून बघू का, असंही विचारा. खरा माल असलेला दुकानदार सहसा आढेवेढे घेत नाही. शहरालगत हा दोंग भागात वान फुक हे विणकरांचं जुनं गाव आहे, पण तिथेही प्रत्येक दुकानातलं कापड गावातल्याच मागावरचं असेल असं धरून चालू नका.

सकाळी सकाळी नुसतं बघायला जाणं

भवानी ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. व्हिएतनाममध्ये तिला ‘मो हांग’ म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक भाव करून रिकाम्या हाताने गेलं तर दिवस वाईट जातो, अशी समजूत. काही जण मग कागद पेटवून दृष्ट काढल्यासारखं करतात. तेव्हा दुकान उघडल्या उघडल्या जायचं ते घ्यायचं ठरवूनच. भवानीचं गिऱ्हाईक म्हणून भावही बरा मिळू शकतो. नुसतं फिरायचं असेल तर दहानंतर जा.

शून्यांचा आणि निळ्या नोटेचा घोळ

‘१५०’ किंवा ‘१५०के’ म्हणजे दीड लाख डोंग. बोलताना हजार गिळतात. तीन शून्यं उडवा आणि साडेतीनने गुणा, रुपये साधारण तेवढे. दीड लाख म्हणजे सव्वापाचशेच्या आसपास. ५ लाखांची आणि २०,००० ची, दोन्ही नोटा निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना आकडा मोठ्याने म्हणा. चूक झालीच तर काउंटर सोडायच्या आत सांगा, नंतर काही उपयोग नाही.

शेवटच्या दिवशी आओ झाई शिवायला टाकणं

‘उद्या देतो’ म्हणणारे शिंपी भेटतात, पण आओ झाई हा तिथला पारंपरिक, अंगासरशी बसणारा पोशाख. कमरेपासून चीर, गळ्याला उभी कॉलर; बगलेत बोटभर चुकलं की हात वर होत नाही. पोचल्याच दिवशी माप द्या आणि एक ट्रायल ठरवा. ट्रायलला नुसतं आरशासमोर उभं राहू नका, खुर्चीत बसून बघा. शिवणीत माया सोडायला आधीच सांगा, म्हणजे इथला शिंपी सैल करू शकेल. तयार कपड्यांच्या साइझवरही जाऊ नका. आपला ‘एल’ तिथे ‘डबल एक्सएल’ होतो. दोंग सुआन मार्केट मुख्यतः घाऊक मालाचं, तिथे एकेक कपडा घालून बघू देतीलच असं नाही.

लॅकरचं, मातीचं आणि न घ्यायचं

तिथल्या लॅकरकामाला ‘सोन माय’ म्हणतात. ‘सोन’ म्हणजे रंग-रोगण आणि ‘माय’ म्हणजे घासणं. झाडाच्या चिकाचे थरावर थर चढवून, दरवेळी वाळवून घासतात. यात आठवडे जातात. म्हणून शंभर रुपयांची चकाकणारी वाटी बहुधा कृत्रिम रंगाची असते. शोभेला घ्या, पण तिच्यात गरम वरण वाढू नका आणि मायक्रोवेव्हमध्ये तर ठेवूच नका. बात ट्रांग या कुंभारांच्या गावची मातीची भांडी देखणी, पण बॅगेच्या वजनाचा हिशेब आधी करा. कपबशा कपड्यांच्या मधोमध ठेवा, कडेला नको.

म्हशीच्या शिंगाचे कंगवे सर्रास विकले जातात. समुद्री कासवाच्या कवचाची वस्तू मात्र कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका, आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. खरी पुराणवस्तूही परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

मोठी खरेदी असेल तर दुकान करपरताव्याच्या योजनेत आहे का ते विचारा. तिथे एका दिवसात किमान २० लाख डोंगची खरेदी लागते. पासपोर्ट दाखवून योग्य बिल घ्या आणि विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी माल दाखवा. बॅग पट्ट्यावर गेल्यावर आठवण झाली तर दाखवणार काय?

आणि ती शंकूसारखी पानांची टोपी, नोन ला, बॅगेत कोंबू नका. सरळ डोक्यावर घालून विमानात चढा. आमची तशीच ठाण्यापर्यंत आली.