डिमेन्शियासाठी घड्याळाचं चित्र काढून घेताय? या चुका टाळा

डोळे न तपासता मेंदूची परीक्षा घेणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. अशा चाचण्यांत घड्याळासोबत घनाचं (ठोकळ्याचं) चित्रही उतरवायला देतात. मोतीबिंदू झालेल्या माणसाला फिकट रेषांचा घन धड दिसतच नाही. तो वाकडातिकडा उतरवतो आणि मेंदूच्या नावावर शेरा पडतो. म्हणून आधी डोळ्यांवर वाचायचा चष्मा आहे ना ते बघा, पुष्कळदा लांबचाच असतो. काचा पुसा. एकेक डोळा झाकून जवळचं वाचून घ्या, निरक्षर व्यक्तीला चित्रं ओळखायला द्या. पेन काळं आणि जाड हवं. याला पाचेक मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर चाचणी घेऊच नका.

उलट चूक, म्हणजे मेंदूचा दोष डोळ्यांवर ढकलणं, जास्त महागात पडते. पन्नाशी-साठीतला माणूस. पायरीचा अंदाज चुकतो, वाचताना पुढची ओळ सापडत नाही, समोरची किल्ली दिसत नाही. चष्म्याचा नंबर बदलतो, पुन्हा बदलतो, तक्रार तशीच. डोळ्यांचा तक्ता मात्र 6/6, म्हणजे अगदी नीट वाचतो. स्मरणशक्ती शाबूत, त्यामुळे डिमेन्शियाची शंका कुणाला येत नाही आणि वर्षं निघून जातात. न्यूरॉलॉजिस्ट फ्रँक बेन्सन यांनी 1988 मध्ये वर्णन केलेली पोस्टिरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी (मेंदूच्या मागच्या, दिसलेलं समजून घेणाऱ्या भागाची झीज) अशीच येते, आणि तिच्या मुळाशी बहुतेकदा अल्झायमर असतो. डोळे ठीक असूनही अशा तक्रारी राहिल्या, तर पुढची चिठ्ठी न्यूरॉलॉजिस्टकडे.

आता घड्याळ. "अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा" एवढंच सांगायचं. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे: 'दहा' ऐकून मिनिटकाटा दोनऐवजी दहाच्या आकड्याकडे ओढला जातो का, हेच पाहायचं असतं. शेजारी बसलेल्या मुलाने "बाबा, दोनवर" म्हटलं की चाचणी वाया गेली. नातेवाइकांना बाहेर बसवा, भिंतीवरचं घड्याळ उतरवा, मनगटावरचंही. मग तयार चित्र पुढे ठेवून नक्कल करायला सांगा. नक्कल नीट जमली, तर अडचण बहुधा आखणीत किंवा घड्याळाच्या आठवणीत आहे. नक्कलही मोडली, तर दृश्य-अवकाशीय जाणिवेकडे, म्हणजे कोणती गोष्ट कुठे आणि कशी आहे हे ओळखण्याकडे बोट जातं. ही दुसरी पायरी घाईत गाळली जाते, याचं फार वाईट वाटतं.

नुसत्या गुणांवर निकाल लावू नका. मिनी-कॉगमध्ये (शब्द आठवणं आणि घड्याळ काढणं अशी छोटी चाचणी) 5 पैकी 3 पेक्षा कमी म्हणजे पुढची तपासणी हवी, निदान झालं असं नाही. मोका (MoCA) या मोठ्या चाचणीत 12 वर्षं किंवा कमी शिक्षणाला 1 गुण वाढवून मिळतो. हातात पेन्सिल कधी न धरलेल्या माणसाचं त्या एका गुणाने काय भागणार?

तीच चाचणी दर आठवड्याला घेऊ नका, सराव होतो.

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या 8,623 लोकांच्या अभ्यासात, हलत्या ठिपक्यांतला त्रिकोण ओळखायला लागणारा वेळ आणि पुढे होणारा डिमेन्शिया यांचा संबंध दिसला. 2024 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पण हा संबंध गटाचा आहे. मोबाइलवर ठिपके हळू ओळखले म्हणून आईला घाबरवू नका.

आणि घड्याळाचे सगळे आकडे अचानक उजव्या अर्ध्यातच आले, कालपर्यंत ठीक होतं, तर डिमेन्शियाचा विचार बाजूला ठेवा. तो पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.