स्वस्तातला डेस्कटॉप हेडफोन अँप खरंच कसा वाजतोय हे घरच्या घरी कसं तपासायचं

पाच-सहा हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंतचा डेस्कटॉप हेडफोन अँप घरी आला की पहिल्या दिवशी तो छानच वाटतो, आणि त्यातलं बरंचसं श्रेय नुसतं आवाज मोठा झाल्याचं असतं. लॅपटॉपच्या जॅकवर जे गाणं ऐकत होतो तेच आता दोन-तीन डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं एकक) जास्त वाजतंय, आणि तेवढ्यानं कानाला ते मोकळं, भरीव, जास्त डिटेलवालं वाटायला लागतं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, अँप जोखायचा तर आधी आवाजाची पातळी जुळवा, मग त्याचे दोष शोधा, आणि गुणांबद्दल बोलायचं ते सगळ्यात शेवटी. अँपचं काम आलेला सिग्नल आहे तसा मोठा करून हेडफोनला देणं, बास. त्यात स्वतःचं काही मिसळत असेल तर ते कुठे आणि किती हे आपल्याला शोधायचंय.

स्वस्त अँप चांगला असूच शकत नाही हा समज तसा २०११ पासूनच मोडीत निघालाय. त्या साली एनडब्ल्यूएव्हीगाय या नावानं लिहिणाऱ्या एका अनामिक माणसानं ओ२ नावाच्या अँपचं अख्खं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं, मोजमापांसकट. २०१२ मध्ये शिट या कंपनीचा मॅग्नी ९९ डॉलरला आला, २०१८ मध्ये जेडीएस लॅब्सचा अ‍ॅटम, तोही ९९ डॉलरला. त्यामुळे आज प्रश्न 'स्वस्तातला चांगला असतो का' हा नाहीच, आपल्या टेबलावरचा हा पीस आपल्या हेडफोनबरोबर नीट चालतोय का, हा आहे.

सुरुवात सोर्सपासून, म्हणजे गाणं जिथून येतं त्या लॅपटॉप किंवा मोबाईलपासून करा. ब्लूटूथ नको, वायरच. विंडोज असेल तर साउंड सेटिंगमधली एन्हान्समेंट्स बंद, प्लेअरमधलं इक्वलायझर बंद, सॉफ्टवेअर आणि डॅकचा (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या डब्याचा) व्हॉल्यूम फुल, आणि आवाज कमी-जास्त करायचा तो फक्त अँपच्या नॉबवर. गेनचा, म्हणजे अँप सिग्नल किती पट मोठा करतो त्याचा, स्विच लो वर ठेवा. बऱ्याच डेस्कटॉप डॅकमधून २ व्होल्ट येतात आणि हाय गेनला काही अँप तिथेच फाटतात, ओ२ चंच बघा, त्यात व्हॉल्यूमचा नॉब गेन स्टेजच्या नंतर आहे, म्हणजे ६.५ पट गेनवर २ व्होल्ट दिले की आतमध्ये सिग्नल आधीच कापला जातो आणि मग नॉब कितीही खाली आणा, फाटका आवाजच हळू ऐकू येतो. लोक मग म्हणतात अँप कर्कश आहे. अँप कर्कश नाहीये, सेटिंग चुकलंय.

आता पातळी जुळवणं, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देणार कारण हे केलं नाही तर पुढचं सगळं वाया आहे. दोन अँप कानानं जुळवता येत नाहीत, त्याला मल्टिमीटर लागतो. पण तो सगळ्यात स्वस्त पिवळा मीटर इथे कामाचा नाही, कारण त्याच्यावर एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते आणि ०.१ व्होल्टपेक्षा बारीक फरक तो दाखवतच नाही. एसीमध्ये २ व्होल्टची किंवा मिलिव्होल्टची रेंज असलेला मीटर घ्या. हेडफोनच्या जॅकला एक वाय स्प्लिटर लावा, एका बाजूला हेडफोन आणि दुसऱ्या बाजूला एखादी ३.५ एमएमची केबल, तिच्या मोकळ्या प्लगवर मीटरच्या पिना टेकवायच्या, टोकाचा भाग, म्हणजे टिप, हा डावा चॅनल आणि सगळ्यात मागचा भाग म्हणजे ग्राउंड, फक्त पिना एकमेकींना किंवा मधल्या रिंगला लागू देऊ नका. मग ४०० हर्ट्झचा साइन टोन (एकाच सुराचा सलग आवाज) लावा, हेडफोन कानावरून काढून ठेवा, आणि दोन्ही अँपवर आकडा सारखा येईपर्यंत नॉब फिरवा. एकावर ०.५०० आला तर दुसरा ०.४९५ ते ०.५०५ च्या आत आणायचा, हा फरक ०.१ डीबीच्याही आत बसतो. ४०० च का, तर साधे मीटर त्याच्या वर नीट मोजत नाहीत, आणि १०० हर्ट्झच्या आसपास बऱ्याच हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, उसळलेला असतो त्यामुळे तिथे जुळवलं तर हिशोब चुकतो. हेडफोन जोडलेला ठेवूनच मोजायचं, हे विसरू नका.

हा इम्पिडन्सचा विषय जरा नीट समजून घ्या, कारण अँप बदलल्यावर टोन खरोखर बदलतो तेव्हा कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. सेनहायझर एचडी ६५० वर ३०० ओहम लिहिलेलं असतं, पण खालच्या बासमध्ये, ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात, तो ५०० ओहमच्या आसपास जातो. अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओहम असेल, जुन्या रिसीव्हरांच्या किंवा काही ट्यूब अँपच्या जॅकवर असतो तसा, तर त्या पट्ट्यात बास साधारण १ डीबीनं वर येतो आणि लोक म्हणतात काय वॉर्म अँप आहे. १० ओहमचा असेल तर हाच फरक ०.१ डीबी, म्हणजे काहीच नाही. पण तोच १० ओहमचा अँप मल्टी ड्रायव्हर, म्हणजे एका कानात अनेक छोटे स्पीकर असलेल्या इयरफोनला लावा, ज्याचा इम्पिडन्स कुठे ३० तर कुठे ८ ओहम असतो, तर साडेचार डीबीचा खड्डा पडतो, गाणाऱ्याचा आवाजच बदलून जातो. प्लेनर (सपाट पातळ पडदावाल्या) हेडफोनला याचा त्रास जवळपास नाही कारण त्यांचा इम्पिडन्स सपाट असतो. साधा नियम असा की अँपचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत असावा, आणि २ ओहमच्या आत असला की जवळपास सगळंच चालतं.

कंपनीनं आकडा दिला नसेल तर स्वतः मोजता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत ३३ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर चिल्लर पैशात मिळतो. अँपला काहीही न जोडता तोच टोन लावून ०.५०० व्होल्ट सेट करा, मग नॉबला हात न लावता रेझिस्टर टिप आणि ग्राउंडच्या मध्ये जोडा आणि परत वाचा. ०.४९० आला तर आउटपुट इम्पिडन्स साधारण ०.७ ओहम, उत्तम. ०.३८४ पर्यंत घसरला तर १० ओहम. गणित सोपंय, पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा, त्यातून १ वजा करा, ३३ नं गुणा.

त्यानंतर शांतता ऐका. म्हणजे सोर्स जोडलेला, गाणं बंद, आणि घरातला सगळ्यात सेन्सिटिव्ह इयरफोन लावून नॉब हळूहळू वर न्या. नेहमी ऐकता त्या जागेवर सुस्स आवाज येत नसेल तर पास. नॉब पूर्ण वर गेल्यावर थोडा आला तर त्याचं टेन्शन घेऊ नका, तिथे कोणी ऐकत नाही. (आणि हे करताना चुकून गाणं सुरू होणार नाही याची काळजी घ्या, प्लेअर बंदच करा, कानाचं नुकसान भरून येत नाही.) ५० हर्ट्झची गुणगुण किंवा माऊस हलवल्यावर किरकिर येत असेल तर लगेच अँपला दोष देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, आवाज गेला तर तो ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारी गुणगुण) किंवा चार्जरचा उपद्रव आहे. आपल्याकडे जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगचा भरवसा नसतो, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या स्पीडवर असला की त्याची झुंई सुद्धा ऑडिओत शिरते, पंखा फुल किंवा बंद करून फरक पडतो का बघा. अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर असेल तर तो अँपपासून आणि केबलपासून हातभर लांब ठेवा.

मग चॅनल बॅलन्स. स्वस्त अँपमध्ये पैसे वाचवले जातात ते बऱ्याचदा व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे नॉबच्या मागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये, आणि नॉब अगदी खाली असताना डावा-उजवा सारखे राहत नाहीत. याला आपल्याकडे फार सुंदर साधन आहे, जुनी मोनो रेकॉर्डिंग्ज. पन्नाशीच्या दशकातलं कुठलंही भावगीत किंवा नाट्यगीत घ्या, दोन्ही कानांत एकच सिग्नल असल्यामुळे आवाज बरोबर डोक्याच्या मध्ये यायला पाहिजे. नॉब शून्यापासून हळूहळू वाढवत गेलात की सुरुवातीला गायक एका कानाकडे झुकलेला असतो आणि मग सरकत मध्ये येतो. तो मध्ये येतो ती जागा तुमच्या रोजच्या व्हॉल्यूमच्या खाली असेल तर ठीक, वर असेल तर लो गेन वापरा किंवा सोर्स थोडा कमी करा, आणि तरीही जमत नसेल तर तो अँप रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यासाठी नाही. हेडफोन उलटा घालूनही एकदा ऐका, आवाज त्याच कानाकडे राहिला तर दोष अँपचा किंवा हेडफोनचा नाही, तुमच्या कानाचा आहे, दुसऱ्या कानाकडे गेला तर हेडफोनचा, अँपचा नाहीतर सोर्सचा आहे.

पॉवरबद्दल जाहिरातीत फार फुगवलेलं असतं. एचडी ६५० ला १ व्होल्टवर १०३ डीबी मिळतात, ११० डीबीचे पीक (क्षणभराचे सगळ्यात मोठे आवाज) हवे असतील तर सव्वादोन व्होल्ट, म्हणजे १७ मिलिवॉट. हायफायमॅनचा एचई४००एसई सारखा २५ ओहम आणि ९१ डीबीवाला प्लेनर असेल तर त्याला तेवढ्याच आवाजासाठी ८० मिलिवॉटच्या आसपास आणि जास्त करंट लागतो. म्हणजे बॉक्सवरचे १००० मिलिवॉट वाचून भुलायचं कारण नाही, तुमच्या हेडफोनच्या ओहमला अँप किती देतो तेवढंच बघा. आणि नॉब नऊ वाजताच्या जागेवर असतानाच जोरात वाजतो म्हणून अँप दणकट असं नसतं, तो फक्त गेन जास्त आहे. बॅलन्स्ड आउटपुटचंही (दोन्ही कानांच्या वायरी पूर्ण वेगळ्या, ग्राउंड एकत्र नसलेला जॅक) तेच, तिथे व्होल्टेज बहुतेक दुप्पट असतं म्हणजे ६ डीबी जास्त, साहजिकच 'खुललेला' वाटतो, जुळवून ऐका मग बोला. ताकद कमी पडतेय का हे बघायला ढोलकी किंवा हलगीचं मोकळं रेकॉर्डिंग लावा, तुम्ही जास्तीत जास्त जितक्या आवाजात ऐकता तिथे थाप फुटते का, तडतडते का, की नीट येते. एक-दोन मिनिटंच, कारण डब्ल्यूएचओ ८० डीबीला आठवड्याला ४० तास एवढीच सुरक्षित मर्यादा सांगते.

एवढं सगळं पार पडलं की खुशाल गाणी ऐका. मी तंबोऱ्यानं सुरुवात करतो, कारण जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेवर वरचे स्वर एकामागून एक उमटतात आणि विरतात, ते विरणं शेवटपर्यंत ऐकू येतं का की मध्येच सुस्स आवाजात बुडतं ते कळतं. मग डग्ग्यावरची मींड, तळहात दाबून घिस्सा काढतात ना, तो स्वर खालून वर सरकताना एखाद्या ठिकाणी अचानक फुगतो का. फुगत असेल तर वर सांगितलेला इम्पिडन्सचा हिशोब परत बघा. बायकी आवाजातला तार सप्तक आणि हार्मोनियम एकत्र असलेलं काहीतरी ऐका, तिथे डिस्टॉर्शन असेल तर खरखरीत कडा येते. पण जुन्या रेकॉर्डमधली खरखर अँपच्या माथी मारू नका. आणि साउंडस्टेज (वाद्यं आजूबाजूला पसरल्याचा भास) रुंद झाला, काळोख जास्त काळा झाला अशी वाक्यं मनात यायला लागली की थांबा आणि ब्लाइंड टेस्ट करा.

ब्लाइंड टेस्ट म्हणजे, डॅकमधून आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) स्प्लिटरनं दोन्ही अँपला सिग्नल द्या, दोन्ही चालू ठेवा, कारण बंद अँप इनपुटवर भार टाकून दुसऱ्याचा सिग्नल बिघडवू शकतो. पातळी जुळलेली आहे ना ते परत एकदा मोजा. भावाला किंवा मैत्रिणीला तुमच्या मागे बसवा, तिनं नाणं उडवून ठरवायचं कुठला अँप, प्लग बदलायचा, कागदावर लिहायचं, तुम्ही बघायचं नाही आणि तिनं बोलायचं नाही. नुसतं प्लग काढून घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातही कानाची आठवण पुसट होते, म्हणून छोटा तुकडा, दहा-पंधरा सेकंदांचा, तोच तोच ऐका. स्विच बॉक्स वापरलात तर अजून बरं, पण फक्त साध्या तीन कॉन्टॅक्टच्या आउटपुटला, बॅलन्स्डला कधीच नाही, तिथे ग्राउंड एकत्र झालं तर अँप जळू शकतो. १६ पैकी १२ बरोबर आले तर फरक खरा असण्याची शक्यता भरपूर, कारण नुसत्या अंदाजानं एवढे जमायला शंभरात चारच वेळा नशीब साथ देतं. ८-९ आले तर तुमच्या कानाला दोन्ही सारखेच, मग जो स्वस्त, ज्याचा नॉब बरा, तो ठेवा आणि उरलेले पैसे हेडफोनमध्ये घाला, आवाजातला मोठा फरक तिथेच मिळतो.

सेकंडहँड घ्यायला गेलात तर मीटर-बिटर शक्य नसतं. तेव्हा स्वतःचा हेडफोन आणि स्वतःचा सेन्सिटिव्ह इयरफोन दोन्ही न्या, मोबाईलमध्ये एक मोनो गाणं ठेवा. हेडफोन न लावता अँप चालू-बंद करा, मग लावून, पण कानापासून लांब धरून, ठप्प आवाज किती येतो बघा. नॉब पूर्ण फिरवताना खरखर, प्लग हलवल्यावर एक कान जाणं, शांततेतला सुस्स, मोनो गाणं मध्ये येतंय का, एवढं पाच मिनिटांत होतं. आणि अडॅप्टर उलटा करून त्यावरचं लेबल नक्की वाचा. ओ२, मॅग्नी, पहिला अ‍ॅटम हे एसी आउटपुटच्या अडॅप्टरवर चालतात, राउटरचा १२ व्होल्ट डीसीवाला त्याला चालत नाही, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणलेला पीस असेल तर अडॅप्टर बहुतेक फक्त १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो लावू नका, इथलाच त्याच व्होल्टेजचा एसी टू एसी ट्रान्सफॉर्मर अडॅप्टर घ्या आणि तो मिळेपर्यंत अँप चालू करून बघायचा मोह टाळा.